फुकटाचं औषध

आमच्या वरच्या वावराच्या धुऱ्यावर बिब्ब्याचं एक झाड आहे. पानं हाताच्या पंजाहून मोठी. हिवाळा सरता सरता त्याची फळं पिकतात. देठाकडं पिवळं-केशरी बोंड आणि त्याच्या टोकाला काळा कुळकुळीत बिब्बा. बोंड वाळवून खातात. बिब्बा फोडून आतली गोडंबी काढतात, ती बाळंतिणीच्या लाडवात पडते. शनिवारी दारावर लिंबू-मिरचीसोबत बिब्बा टांगतात. पायात काटा मोडला की बिब्ब्याचा चटका देतात. पूर्वी परीट कपड्यांवर खूण करायला याचंच तेल वापरायचे. कपडा फाटायचा पण खूण जायची नाही. आणि कुणाचं जमत आलेलं काम कुणी मोडलं तर आपण म्हणतो, ‘त्यानं मधी बिब्बा घातला.’ एका झाडाच्या नावावर इतक्या गोष्टी जमा आहेत.

मी या झाडाबद्दल लिहायला बसलो ते मात्र एका बाईमुळे. आमच्या सालदाराची ती बायको. लिहू का, असं तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “लिहा ना भाऊ, पन नाव नका टाकू.” म्हणून नाव टाकत नाही.

प्रश्न साधा आहे. चांगल्या मनानं, एक पैसा न घेता दिलेल्या वस्तूनं कुणाचं वाईट झालं, तर त्याचा दोष कुणाचा? मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस. असे प्रश्न मोठमोठ्या पोथ्यांत सोडवलेले असतील. माझ्याकडे तो पोथीतून आला नाही, दुधाच्या पेल्यातून आला.

माझी आजी औषध द्यायची. कोरडा खोकला, दमा, थंडीत धरणारे सांधे, यावर ती बिब्बा द्यायची. बिब्बा सुईला टोचायचा, दिव्याच्या ज्योतीवर धरायचा, तेलाचा थेंब सुटला की तो दुधात पाडायचा. किती थेंब, किती दिवस, हे मी इथं मुद्दामच लिहीत नाही. आधी तोंडाला आतून तूप लावायचं. औषध सुरू असताना तिखट बंद, उन्हात जाणं बंद, चुलीपुढं बसणं बंद. उन्हाळ्यात औषध नाही. लेकराला नाही, पोटुशीला नाही. ज्याचं अंग मुळात गरम, त्याला नाही. आणि पैसा घ्यायचा नाही. पैसा घेतला की हाताचा गुण जातो, असं ती म्हणायची.

आजीची आणखी एक रीत होती. तिचा अर्थ मला फार उशिरा लागला. औषधाला आलेल्या माणसाला ती त्या दिवशी औषध कधीच देत नसे. आधी विचारायची, “तुले कधी बिब्बा उतला काय? तुया मायले, भावाले?” मग म्हणायची, “घरी जाय, इचारून ये, परवा ये.” सून सासूसोबत आली असेल तर सासूला काहीतरी आणायला आत पाठवायची आणि मग सुनेला विचारायची. परवा पुष्कळ लोक परत येतच नसत. मी लहान होतो, मला वाटायचं बुढी उगाच माणसांना हेलपाटे घालते. आता आठवून पाहतो तर तिनं जेवढ्यांना औषध दिलं त्याहून जास्त लोकांना दिलं नाही.

शहरातल्या वाचकांसाठी ‘उतणं’ म्हणजे काय ते सांगतो. दूध उततं तसं अंग उततं. बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं किंवा पोटात गेलं की काही माणसांना खाज सुटते, अंगावर लाली चढते, तोंड सुजतं, पाण्यानं भरलेले फोड येतात. सगळ्यांनाच तसं होत नाही. काही बाया हंगामभर बिब्बे फोडतात, हात काळे पडतात, कातडी जळते, पण अंग उतत नाही. आणि एखाद्याला नुसत्या हात लागल्यानं उततं. आज दवाखान्यात ज्याला अ‍ॅलर्जी म्हणतात ती हीच. हा शब्द आमच्याकडे अलीकडे आला, पण गोष्ट आमच्या बायांना आधीपासून ठाऊक होती. तिच्यासाठी एक क्रियापद आपल्या भाषेत तयारच होतं.

आजी 1984 साली गेली. घरात मी शिकलेला, म्हणून औषध माझ्याकडे आलं. दूध, दिवा, सुई, थेंब, तूप हे सगळं मी नीट उचललं. पैसा घ्यायचा नाही हेही उचललं, कारण त्यात मान होता. लोक ‘भाऊचा हात चांगला’ म्हणायचे. विचारायचं आणि परत पाठवायचं, तेवढं मात्र माझ्याकडून गळालं. मुद्दाम टाकलं नाही. माणूस खोकत दारात उभा आहे, घरात दूध आहे, बिब्बा आहे, मग त्याला परवा कशाला बोलवायचं? मला ते दयाळूपणाचंच वाटलं.

बारा-तेरा वर्षं मी औषध दिलं. पुष्कळांना बरं वाटलं. ज्यांना वाटलं नसेल ते सांगायला आले नाहीत. फुकटाच्या औषधाची तक्रार कोण करतो?

1997 चा जानेवारी होता. तुरीचं खळं चालू होतं. सालदाराची बायको तुरीच्या भुसात दिवसभर राबायची आणि संध्याकाळी खोकत घरी जायची. एक दिवस अंगणात तिला खोकल्याची उबळ आली तेव्हा मीच म्हणालो, “थांब, तुले औषध देतो.”

ती म्हणाली, “राहू द्या भाऊ. जाईन आपोआप.”

मी ते लाजणं समजलो. मालकाच्या घरचं दूध प्यायला बाई लाजते आहे, असं मला वाटलं. मी आवाज दिला, माझ्या बायकोनं दूध आणलं, मी दिवा लावला. ती अंगणात उभ्यानंच प्यायली. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली होती की अंगाला जरा खाज सुटली आहे. मी म्हणालो, “तुरीचं भूस अंगाले लागलं असन.”

चौथ्या दिवशी झुंजूमुंजू असताना सालदार दारात आला. “भाऊ, तिचं तोंड पाह्यता काय जरा.”

मी गेलो. तोंड सुजून डोळ्यांच्या नुसत्या फटी राहिल्या होत्या. मानेवर, पोटावर पाण्याचे फोड. खाजवून खाजवून हात रक्ताळलेले. लघवीला आग होत होती आणि लघवी होतही नव्हती. माझी बायको माझ्यामागं आली होती. तिनं पाहिलं आणि म्हणाली, “बिब्बा उतला.”

मी म्हणालो, “गप.”

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ चुकीचे शब्द बोललो. त्यातला हा सगळ्यात लहान आणि सगळ्यात वाईट.

जीप केली आणि तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. दहा वाजले असतील. डॉक्टर तरुण होते. त्यांनी तपासलं आणि विचारलं, “वेगळं काही खाल्लं का? झाडपाल्याचं औषध, चूर्ण, काढा, काही?”

सालदारानं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

“नाई साहेब,” तो म्हणाला, “भाकर अन् बेसन.”

तो खोटं बोलला ते माझ्यासाठी. त्याचं साल दहा हजारांचं होतं आणि पाडवा अडीच महिन्यांवर आला होता. त्या दहा हजारांनी त्याच्याकडून ते बोलवून घेतलं. मी एक शब्दही खोटा बोललो नाही. मी बोललोच नाही.

डॉक्टरांनी फवारणीचं विचारलं, तुरीवरच्या अळीचं विचारलं. इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं. मी बाहेर चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. काय होतं माझ्या मनात? पोलीस येतील काय, हे होतं. गावात काय म्हणतील, हे होतं. आजीचं नाव जाईल, हेही होतं. ती बाई मरेल काय, हेसुद्धा होतं, पण खरं सांगतो, ते एकटं नव्हतं आणि पहिलंही नव्हतं. भीतीत माणूस आधी स्वतःचं पाहतो, हे मला त्या बाकड्यावर कळलं.

दोनच्या सुमाराला डॉक्टर बाहेर आले. सालदाराला म्हणाले, “लघवी फार कमी होते आहे, कारण लागत नाही. जिल्ह्याला न्यावं लागेल.” सालदार खाली बसला. तेव्हा मी उठलो आणि म्हणालो, “साहेब, मी तिले बिब्बा देला होता. दुधातून. तीन दिवस.”

डॉक्टरांनी विचारलं, “तुम्ही इथं केव्हापासून आहात?”

“सकाळपासून.”

ते काही बोलले नाहीत. जिल्ह्याच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहीत होते, तिच्यात त्यांनी वरच्या ओळीत ते लिहिलं. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

ती नऊ दिवस जिल्ह्याच्या दवाखान्यात होती. वाचली. लघवी सुरळीत झाली. अंगाची सालं निघाली. गळ्यावरचे काळे डाग दिवाळीपर्यंत दिसत होते.

नंतर मी एकदा त्या तरुण डॉक्टरांकडे मुद्दाम गेलो. मला एकच विचारायचं होतं, त्या चार तासांनी काय बिघडलं? ते म्हणाले, “बिब्ब्याचं तेल मूत्रपिंडालाही इजा करू शकतं. ठाऊक असतं तर आम्ही पहिल्या तासापासून तिकडं लक्ष ठेवलं असतं.” मग थांबून म्हणाले, “ती वाचली. आता त्याचा हिशोब करू नका.” हा त्यांचा चांगुलपणा. हिशोब माझ्याकडून आजही होतोच.

त्या दिवशी त्यांनी मला बसवून नीट समजावलं. ते इथं लिहितो, कारण वाचणाऱ्याच्या घरीही कुणी ना कुणी काढा उकळत असेल.

अंगाची राखण करणारी एक व्यवस्था आपल्या शरीरात असते. जागल्यासारखी. नको ती वस्तू आत आली की ती ओरडते. काहींच्या अंगात हा जागल्या साध्या वस्तूलाही चोर समजतो. पण पहिल्या वेळी तो बहुतेक ओरडत नाही, नुसता चेहरा लक्षात ठेवतो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ओळख पटली की मग हल्ला करतो. म्हणून ‘मागच्या खेपेला तर काहीच झालं नव्हतं’ या बोलण्यात अर्थ नाही. मागच्या खेपेला ओळख झालेली असते.

हा त्रास दोन तऱ्हेचा असतो. एक झटपट. खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर तासा-दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ-जीभ सुजते, घसा आवळतो, श्वास लागतो, माणूस गार पडतो. तिथं अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन मांडीच्या स्नायूत लगेच द्यावं लागतं, त्यात मिनिटांचा हिशोब असतो. घरी तूप, ताक, लिंबू करत बसायची ती वेळ नव्हे. दुसरी तऱ्हा सावकाशीची. ती एक-दोन दिवसांनी वर येते. बिब्बा बहुतेक असाच उततो. तोवर माणूस काय प्यायला होता हे विसरलेला असतो आणि तुरीच्या भुसाला दोष देतो. जसा मी दिला.

आणखी एक गोष्ट ते म्हणाले. झाडांनाही कुळं असतात. बिब्बा, काजू, आंबा, चारोळी एका कुळातली. ज्याला बिब्बा उततो त्याला काजूच्या टरफलाचं तेल किंवा आंब्याचा चीकही सोसेलच असं नाही. तसंच गाजरगवत, झेंडू, शेवंती, करडई, सूर्यफूल आणि काविळीवर ज्याचा रस देतात तो माका, ही सगळी एका कुळातली. निंदणाला गेल्यावर गाजरगवतानं ज्यांचं अंग खाजतं अशी माणसं आता गावोगाव आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याला माक्याचा रस बाधू शकतो. रस देणारा हे विचारतो का? मी तरी कुणाला विचारलं नव्हतं.

मी म्हणालो, “म्हणजे झाडपाला वाईटच म्हणायचा?” ते हसले. म्हणाले, “पेनिसिलिननंही माणसं दगावली आहेत. म्हणून तर आम्ही सुई टोचण्याआधी विचारतो, कशाची अ‍ॅलर्जी आहे का? कागदावर लिहितो. आणि काही झालंच तर जवळ उपाय ठेवतो. तुमच्याकडे यातलं काय होतं?”

माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. आजीकडे मात्र यातलं पहिलं होतं, आणि ते मीच घालवलं होतं.

पुढं एका वैद्यबुवांनी सांगितलं की चरकसंहितेत बिब्ब्याची, म्हणजे भल्लातकाची, मोठी स्तुती आहे. पण तिथंच तो आगीसारखा तीक्ष्ण आहे, विधीनं वापरला तरच अमृतासारखा, असंही सांगून ठेवलेलं आहे. वैद्य लोक तो विटेच्या चुऱ्यात घोळून त्याचं तेल उतरवतात, शुद्ध करतात, मगच औषधात घालतात. सरकारच्या 1945 च्या औषध नियमांत विषारी द्रव्यांची एक यादी आहे, ई-1 परिशिष्ट म्हणून. आयुर्वेदातल्या द्रव्यांत तिच्यात भल्लातक आहे. असं द्रव्य असलेल्या औषधाच्या डबीवर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सावधगिरीची सूचना छापावी लागते. म्हणजे पोथीनं बजावलं होतं, कायद्यानं बजावलं होतं, आजीनंही बजावलं होतं. आमच्या दुधाच्या पेल्यावर मात्र काहीच लिहिलेलं नव्हतं.

आता पैशाची गोष्ट. जीप, बाहेरून आणलेली औषधं, खाणंपिणं मिळून 2,740 रुपये लागले. ते मीच भरले. घरी आल्यावर माझा भाऊ म्हणाला, “औषध आपन फुकट देलं. चांगल्यासाठी देलं. मंग दवाखाना आपल्या अंगावर काहून? उचलीत लिही.”

हे बोलणं मला तेव्हा वावगं वाटलं नाही, हेही लिहायला हवं. मी मनाशी तडजोड केली. निम्मे त्याच्या नावावर, निम्मे माझे. सालदाराच्या पानावर मी लिहिलं, ‘दवाखाना 1,370’. त्यानं अंगठा दिला.

पाडव्याच्या आधी एका संध्याकाळी ती अंगण सारवायला आली होती. मी ओट्यावर होतो. सहज विचारल्यासारखं विचारलं, “काहो बाई, याच्या आधी तुले कधी बिब्बा उतला होता काय?”

ती हात न थांबवता म्हणाली, “लहानपनी उतला होता ना. बिब्बे येचाले गेलो होतो आमी. लय उतला होता.”

“मंग तेव्हा सांगतलं काहून नाई?”

ती थांबली. म्हणाली, “तुमी इतल्या मायेनं देलं भाऊ. त्यात मालक. नाई कसं म्हनू? एक डाव म्हनलं होतं, राहू द्या म्हून.”

मी घरात गेलो, वही काढली आणि ते 1,370 खोडले. खोडून काही होत नाही, बिब्ब्याच्या खुणेसारखंच ते. पण तेवढं तरी केलं.

तेव्हापासून या प्रश्नाशी माझी झटापट चालू आहे. माझं मन चांगलं होतं, यात मला आजही शंका नाही. मला तिचा खोकला जावा असंच वाटत होतं. पण मन चांगलं होतं हे कुणाच्या कामाचं? ते माझ्या झोपेच्या कामाचं. तिच्या मूत्रपिंडाला माझ्या मनाशी काय घेणं? वावरात चांगल्या मनानं चुकीचं औषध फवारलं तरी पऱ्हाटी जळतेच.

मग बिब्ब्याचा दोष म्हणावा? बिब्ब्यानं त्याचं तेल लपवलं नव्हतं. तिच्या अंगाचा दोष म्हणावा? कुणाचं अंग कशाला उतेल हे त्याच्या हाती नसतं. नशिबाचा म्हणावा? नशिबाला दोष देणं फार सोपं, ते उलटून बोलत नाही. या तिघांना बाजूला काढलं की अंगणात दिवा धरून मीच उभा दिसतो.

आणि फुकट दिलं, यानं काय फरक पडतो? मला आधी वाटायचं, पैसा घेतला नाही म्हणजे आपण जबाबदारीतून मोकळे. आता उलट वाटतं. किराणा दुकानदारानं सडकी डाळ दिली तर ती बाई त्याच्या दारात जाऊन भांडेल, कारण तिनं पैसे मोजलेले आहेत. फुकट देणाऱ्याशी भांडता येत नाही. त्याला ‘नको’सुद्धा म्हणता येत नाही. पैसे देणाऱ्याचं तोंड उघडं असतं, फुकट घेणाऱ्याचं तोंड उपकारानं बंद होतं. त्यात देणारा मालक, पाटील, सासू, थोरला भाऊ, गावातला मोठा माणूस असेल तर विचारूच नका. म्हणून ज्याचा हात वर आहे त्यानं जास्त विचारायला हवं. नुसतं विचारून भागत नाही, समोरच्याला ‘नाही’ म्हणता येईल अशी जागा ठेवावी लागते.

माझ्या आजीचं ‘परवा ये’ हीच ती जागा होती. ज्याला नको असेल त्यानं परवा यायचं नाही. कुणाला तोंडावर नाही म्हणायची पाळी नाही, कुणाचा मान जात नाही. निरक्षर बाईनं किती विचार करून ती रीत बसवली होती! आणि मी दहावी शिकून ती हेलपाटा म्हणून सोडून दिली. आपण जुन्या लोकांकडून औषध घेतो आणि त्यांचं भ्यायचं तेवढं मागं ठेवतो. आजी बिब्ब्याला भ्यायची. म्हणून तिच्या हाताला गुण होता असं मला आता वाटतं. पैसा न घेण्याशी त्याचा संबंध थोडाच असेल.

आता काळ बदलला. लोक माझ्या अंगणात येत नाहीत, मोबाईलवर उपाय येतात. अमुक पानांचा रस, तमुक बियांचं चूर्ण, ‘नैसर्गिक आहे, काही अपाय नाही’. पाठवणाऱ्याचं मन माझ्यासारखंच चांगलं असतं. त्यालाही पैसा मिळत नाही. त्यानंही समोरच्याला विचारलेलं नसतं, कारण समोर कोण आहे हेच त्याला ठाऊक नसतं. धोतराही नैसर्गिक आहे, कण्हेरही नैसर्गिक आहे. नैसर्गिक या शब्दावर विसंबून कुणी आपली बैलं कण्हेरीत सोडत नाही.

मी पोटातलं औषध देणं त्या सालापासून बंद केलं. कुणी आलंच तर सांगतो, दवाखान्यात जा, नाहीतर शिकलेल्या वैद्याकडे जा, आणि काय काय घेतलं ते लपवू नका. पुष्कळ घरांत अजूनही चूर्ण-काढा घेतल्याचं डॉक्टरला सांगत नाहीत. काहींना ते रागावतील असं वाटतं, काहींना ते औषधात धरायचंच नसतं. आणि काही वेळा देणारा शेजारीच उभा असतो. तो शेजारी उभा असेल तर बोलायचं काम त्याचं आहे. आजाऱ्याचं नाही, आजाऱ्याच्या नवऱ्याचं तर मुळीच नाही.

झाड मी तोडलं नाही. मुलानं एकदा विचारलं, पाडायचं का? मी म्हणालो, त्यानं काय केलं?

सालदार आता थकला, साल सोडून बरीच वर्षं झाली. त्याची मुलं शहरात कामाला आहेत. मागच्या वर्षी तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, मुलाला यायला जमलं नाही, म्हणून मी आणि माझी बायको सोबत गेलो. नर्सबाई कागद भरत होत्या. नाव, गाव, वय. मग त्यांनी न पाहताच विचारलं, “कशाची अ‍ॅलर्जी?” आणि उत्तराची वाट न पाहता ‘नाही’ लिहायला लागल्या.

ती पुढं वाकली आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “हाय ना. मले बिब्बा उतते. लिहा.”

नर्सबाईंनी लिहिलं. मी तिथंच उभा होतो. या वेळी मी खिडकीबाहेर पाहिलं नाही.